आडनाव कळण्याआधी

मे २०२४. मानोऱ्यात आमच्या ओट्यासमोरून एक वरात चालली होती. रात्रीचे दहा वाजले तरी उकाडा हटत नव्हता आणि डीजेच्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरत होती. अशा वेळी मी आत जाऊन दार लावून घेतो. त्या रात्रीही उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक गाणं लागलं. शब्द धड कळत नव्हते. ठेका मात्र असा, की इतका वेळ आपापल्या परीने नाचणाऱ्या बायकांचे पाय एकदम सारखे पडू लागले. थोड्या वेळाने ध्यानात आलं, ओट्यावर माझाही उजवा पाय पडतो आहे. वय वर्षं ७१. गाणं संपेस्तोवर मी दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आबा, हे तर फेब्रुवारीपासून वाजते. 'गुलाबी साडी'. संजू राठोडचं." मग त्याने सांगितलं, की हा पोरगा जळगाव जिल्ह्यातल्या धानवड तांड्यावरचा आहे, गाणं लिहितो तोच आणि गातोही तोच, संगीत जी-स्पार्क नावाच्या त्याच्या साथीदाराचं असतं, आणि यूट्यूबवर हे गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आहे. कोटींचं मला काही वाटलं नाही. 'राठोड' आणि 'तांडा' हे दोन शब्द ऐकले आणि मी म्हणालो, "परत लाव."

त्या 'परत लाव'ने पुढे मला कित्येक महिने सतावलं. गाणं तेच होतं. रात्री आवडलंच होतं. मग आडनाव कळल्यावर ते पुन्हा ऐकावंसं का वाटलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते पहिल्यापेक्षा गोड का लागलं?

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाशीम जिल्ह्यातला मानोरा तालुका हा तांड्यांचा, म्हणजे बंजारा वस्त्यांचा तालुका. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेली पोहरादेवी याच तालुक्यात. रामनवमीला तिथे देशभरातून बंजारा समाज लोटतो, आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं तेव्हा तर आमचे सगळे रस्ते गाड्यांनी भरून गेले होते. राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे ही इथल्या हजेरीपटावरची नावं. मी स्वतः बंजारा नाही, कुणब्याच्या घरातला. पण नोकरीची तेवीस वर्षं तांड्यांवरच्या प्राथमिक शाळांत गेली. त्या लेकरांना मी मराठी शिकवली, आणि ती शिकवताना त्यांची गोरमाटी बोली वर्गाबाहेर काढून ठेवायला लावली, पायातली चप्पल काढायला लावावी तशी.

यंदा जानेवारीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. १९८६ साली ती माझ्या पहिलीच्या वर्गात होती. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. आता ती स्वतः एका तांड्यावर शिकवते. पुढचं सगळं बोलणं तिचं आणि माझं आहे. त्या दुपारी झालं तसं, आठवेल तसं लिहितो आहे.

"गुरुजी, स्नेहसंमेलनाला यायचं आहे, पाहुणे म्हणून," ती म्हणाली. "आणि एक काम आहे. चौथीच्या पोरींनी 'गुलाबी साडी' बसवलं. महिनाभर तालीम केली. आता तांड्यातली म्हातारी मंडळी नको म्हणतात. तांड्याचे नायक म्हणाले, हे गाणं घरी वाजते तेवढं पुरे, शाळेत लेंगी म्हणा. लेंगी चांगलीच आहे, मीही म्हणते होळीला. पण पोरींना काय सांगू? तुम्ही स्टेजवरून या गाण्याबद्दल दोन शब्द चांगले बोललात, तर कोणी काही म्हणणार नाही. तुमचा शब्द अजून चालतो तांड्यात."

"गाणं मला आवडते," मी म्हणालो.

"माहीत आहे. काकूंनी सांगितलं फोनवर."

"पण मला ते स्टेजवरून बोलता येईल असं वाटत नाही."

"काहून?"

मी तिला दोन वेळच्या ऐकण्याची गोष्ट सांगितली. पहिली वरातीतली, दुसरी आडनाव कळल्यानंतरची. म्हणालो, "पहिल्या वेळचा आनंद माझ्या पायाचा होता, त्यात खोट नाही. दुसऱ्या वेळचा कशाचा होता ते मला सांगता येत नाही. मी त्या गाण्याचं कौतुक करत होतो, की तांड्यावरच्या पोराचं कौतुक करणाऱ्या स्वतःचं?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हाला तर तो आमचा म्हणूनच जास्त आवडतो. त्यात काय वाईट? तुम्ही वर्गात लताबाईंचं नाव घ्यायचे तेव्हा 'आपल्या लताबाई' म्हणायचे. आम्ही पहिलीतले पोट्टे, आम्हाला वाटायचं त्या तुमच्या गावच्या आहेत."

"पण तो माझा नाही ना. तुमचा आहे."

"मग तुम्हाला आडनावाचा आनंद कशाचा झाला?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते तिच्यासमोरच द्यायचं होतं, कारण त्या उत्तरात ती स्वतः होती.

"तुला पहिलीतला एक तक्ता आठवते?" मी विचारलं. "घर, झाड, गाय, आई. मी छडी आईच्या चित्रावर ठेवली आणि तुला विचारलं, हे कोण? तू म्हणालीस, याडी. मी म्हणालो, चूक. आई म्हण. दहा वेळा म्हणून घेतलं. भिंतीवर वसंतराव नाईकांचा फोटो होता. पुसदजवळच्या गहुलीचा, तांड्यावरचा माणूस, १९६३ ते १९७५ या राज्याचा मुख्यमंत्री. त्याच्या फोटोखाली उभा राहून मी त्याच्या आईच्या भाषेतला 'आई' हा शब्द चूक ठरवला. आणि आता टीव्हीवर राठोडाचं नाव आलं की मला भरून येते. हे कौतुक नाही ग. हे देणं फेडणं आहे, आणि तेही ज्याचं आहे त्याला सोडून तिसऱ्यालाच."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या गुरुजी, तुम्ही आम्हाला शिकवलं म्हणून आम्ही इथवर आलो. असं बरेच जण म्हणतात. ती तसं म्हणाली नाही.

"तक्ता आठवते," ती म्हणाली. "दहा वेळा म्हटलेलं नाही आठवत. त्या दिवशी घरी गेले ते आठवते. याडी चुलीपाशी होती. मी तिला म्हटलं, तू याडी नाही, तू आई आहेस. ती हसली. मग म्हणाली, बरं. त्या 'बरं'चा अर्थ मला स्वतःला लेकरू झाल्यावर कळला."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. माझी बायको दारात येऊन उभी होती, तशीच परत आत गेली.

"आता पहिलीत मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते," ती पुढे म्हणाली. "२०२०चं नवं धोरण आलं, त्यात मातृभाषेतून शिकवा म्हटलं आहे, त्यामुळे कोणी विचारतही नाही. पण गुरुजी, तुमचं हे देणं आहे ना, ते संजू राठोडच्या खात्यावर टाकू नका. त्याचा काय संबंध? त्याची शाळा कशी होती तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही."

"त्याला कोणी याडी म्हणू दिलं नाही, असं त्याने कुठं सांगितलं?"

"मला तरी नाही माहीत."

"मग त्याच्या गाण्यात तुमची शाळा काहून शोधता? तो एका पोरीबद्दल गातो. तिने गुलाबी साडी नेसली, ती छान दिसते, तिचा फोटो काढायचा. बस. तुम्ही त्याच्या पाठीवर आमच्या समाजाचा दीडशे वर्षांचा इतिहास ठेवून द्याल, तर तो नाचेल कसा?"

इतिहासाचं तिने उगाच नाही काढलं. बंजारा म्हणजे एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारी लदेणीची माणसं. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा आला आणि धंदा बसला. मग १८७१चा तो कायदा, ज्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ला. तिच्या दाखल्यावर 'विमुक्त जाती' लिहिलेलं आहे. तेवीस वर्षांत असे शेकडो दाखले मी माझ्या हाताने लिहिले, आणि विमुक्त म्हणजे कशातून विमुक्त, हे एकदाही वर्गात सांगितलं नाही.

पण तिचं म्हणणं मला पटलं तरी पुरतं पटलं नव्हतं. मी म्हणालो, "ठीक. देणं बाजूला ठेवतो. आडनावही बाजूला ठेवतो. तरी काही उरते का ते पाहू. कारण ते उरलं नाही, तर पोरींच्या नाचासाठी मी जे बोलेन ते तुझ्या समाजाची मर्जी राखणं होईल. म्हाताऱ्याने तरुणाची मर्जी राखण्यासारखं खोटं दुसरं नाही."

"उरते काय, सांगा."

"एक तर ठेका. तो समजावून सांगायचा नसतो. दुसरं ती फोटोची मागणी. तुला आपल्या लावण्या ठाऊक आहेत. नायिका शालू मागते, पैठणी मागते, नथ मागते. देणारा कोणी धनी असतो, शेठ असतो. तिचं सगळं देखणेपण त्याने आणून द्यायच्या वस्तूपाशी अडलेलं असते. या गाण्यातल्या पोरीने साडी आधीच नेसली आहे. ती तिची स्वतःची आहे. आपण सुंदर दिसतो हेही तिला कोणी सांगावं लागत नाही, ते तीच सांगते. तिला एवढंच हवं आहे, की समोरच्याने फोन उचलावा आणि ते टिपावं. दोनशे वर्षांत मागणी केवढी हलकी झाली! कर्जाशिवायची मागणी आहे ही."

तिने मान हलवली. "हे मी नव्हतं पाहिलं. पण तुम्ही एक नाही पाहिलं. साडी."

"काय साडी?"

"माझी आजी आयुष्यभर आमचा जुना पेहराव, फेटिया-कांचळी, घालत होती. हातात बलिया, अंगभर आरसे. दवाखान्यात गेली की लोक वळून पाहायचे. याडीने लग्नानंतर काही वर्षांनी साडी धरली. बाजारात, बँकेत, शाळेच्या सभेत कोणी वळून पाहू नये म्हणून धरली. आमच्याकडे साडी ही अशी आली, आपण दिसू नये म्हणून. आणि हा आमचा पोरगा गातो, की साडी नेसली आहे, आता मला पहा, माझा फोटो काढ." ती थांबली. "त्याच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. मघाशी मीच तुम्हाला रागावले. पण मला ते ऐकू येते."

"म्हणजे तूही ओझं ठेवतेसच त्याच्या पाठीवर."

"ठेवते. फक्त मी त्याला सांगायला जात नाही. तुम्ही स्टेजवरून सांगणार."

इथे आमचं बोलणं खऱ्या अडचणीपाशी आलं. मी तिला राम जोशांची गोष्ट सांगितली. वर्गात सांगायचो, तशीच. सोलापूरचा हा कीर्तनकाराच्या घरातला पोरगा तमाशात रमला, लावण्यांनी मुलूख वेडा केला. मोरोपंत म्हणजे बारामतीचे पंडित कवी, वयाने, मानाने थोर. त्यांनी या लावणीकाराची प्रतिभा ओळखली आणि त्याला कविप्रवर म्हटलं, अशी आठवण सांगतात. मला ही आठवण फार प्रिय आहे. आर्येसारखं घडीव वृत्त हयातभर घोटलेला म्हातारा माणूस बाजारात वाजणाऱ्या गाण्याला नावं ठेवत नाही, त्यात कवी आहे म्हणतो. म्हातारपणी मला तसं होता आलं, तर आणखी काय हवं?

"आणि मग राम जोशांनी काय केलं?" तिने विचारलं.

"मग ते कीर्तनाकडे वळले म्हणतात. पंतांच्या आर्या गाऊ लागले."

"म्हणजे पंतांनी कौतुक केलं आणि लावणी पंतांच्या घरी गेली."

चाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो आणि तिची ही बाजू मला कधी दिसली नव्हती. थोराने शाबासकी दिली, की धाकटा त्याच्या अंगणात येतो. तिथे मान असतो, पण ते अंगण त्याचं नसते. चौथीच्या पोरी महिनाभर कोणालाही न विचारता एक गाणं नाचत होत्या. मी माईक हातात घेऊन त्याचा अर्थ सांगितला, लावणीशी नातं जोडलं, बोलीचं, समाजाचं महत्त्व उलगडलं, की ते गाणं गुरुजींनी पास केलेलं गाणं होईल. पुढच्या वर्षी ते अभ्यासक्रमात असल्यासारखं बसवलं जाईल, आणि पोरींना दुसरं काहीतरी शोधावं लागेल जे आम्हाला अजून आवडलेलं नाही.

"मग मी गप्प बसू?" मी विचारलं. "आवडते ते लपवू? मी वर्गात सगळ्यांसमोरच चूक म्हटलं होतं ना, तेवीस वर्षं? आता चांगलं म्हणायच्या वेळी मी ओट्यावर बसून पाय हलवायचा, हा कुठला न्याय?"

"तेच तर. बोललात तरी पंचाईत, नाही बोललात तरी पंचाईत. मलाही सुटत नाही म्हणून तर आले."

चहा आला. माझी बायको कप ठेवून खाली बसली. ती म्हणाली, "मला ते गाणं पहिल्या दिवसापासून आवडते. मी काही कोणाला सांगितलं नाही, लपवलंही नाही. भाकरी थापताना म्हणते." आणि तिने दोघांकडे पाहिलं, जणू आम्हीही तसंच काहीतरी करू शकलो असतो. माझ्या मते त्या दुपारी सगळ्यात नेमकं तीच बोलली. पण तिच्यापाशी शाळेतली ती जागा नव्हती, जिथून बोललेलं चूक किंवा बरोबर होऊन जाते.

मी म्हणालो, "अजून एक उरलं आहे, ते सांगतो. त्यावर तू म्हणशील मी परत शाळा शोधतो आहे. म्हण. तांड्यावरच्या लेकरांची मराठी मी तेवीस वर्षं ऐकली. प्रत्येक लेकरू वाक्य सुरू करण्याआधी एक पळभर थांबायचं. हुशार असो की मठ्ठ. ते वाक्य आधी मनात गोरमाटीत यायचं, मग त्याचं मराठी व्हायचं, मग ते बरोबर आहे ना हे माझ्या तोंडाकडे पाहून ठरायचं, आणि मग बोललं जायचं. मला त्या थांबण्याची इतकी सवय झाली होती, की मी ते ऐकत नव्हतो. हे गाणं ऐकलं तेव्हा काय ऐकू आलं सांगू? हा पोरगा थांबत नाही. बोलतो तसं गातो, कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. ती मराठी आहे, पण तिच्यात भीती नाही. वरातीच्या रात्री मला आडनाव ठाऊक नव्हतं, म्हणून हे उलगडलं नसेल. पण माझ्या कानाने ते तेव्हाही ऐकलं असेल, असं मला वाटते. इतकी वर्षं जे ऐकलं होतं, त्याच्या उलटं काहीतरी."

यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी अजून थांबते."

"काय?"

"मराठी बोलताना. आताही. तुमच्याशी बोलताना. तुम्हाला ऐकू येत नसेल."

मला खरंच ऐकू येत नव्हतं. तिने तिच्या शाळेत मराठीत बक्षिसं मिळवली आहेत, तालुक्याच्या स्पर्धांत परीक्षक म्हणून बसते. मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि मला पुढचा शब्द सुचेना. मग आम्ही दोघं गप्प बसून चहा प्यायलो.

जाताना दारात उभी राहून ती म्हणाली, "गुरुजी, या तर खरं. बोला पण. गाण्याबद्दल नका बोलू. पोरींना विचारा, त्यांना त्यात काय आवडते. माईक त्यांच्या तोंडासमोर धरा. नायकांना ते चालेल की नाही मला माहीत नाही. मलाही माहीत नाही हे बरोबर आहे की नाही. पण तुम्ही विचारलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही."

मी तिला म्हटलं, की लेकरांना प्रश्न विचारण्यातच माझा जन्म गेला. ती म्हणाली, "ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असे."

स्नेहसंमेलन जानेवारीच्या अखेरीस झालं. हा आमच्याकडे ऊसतोडीला जाण्याचा हंगाम. दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघून जातात आणि तांड्यात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी राहतात. मांडवात समोर आज्या बसल्या होत्या, एकदोघी अजून फेटिया-कांचळीतल्या. मागे म्हातारे, मध्ये नायक. आधी लेंगी झाली. एका आजीने थाळी वाजवली, आणि डफ धरलेल्या म्हाताऱ्याचा हात वयाने कापत असला तरी ताल एकदाही चुकला नाही. ती लेंगीही मला तितकीच आवडली. १९८६ साली आवडली नव्हती. तेव्हा मला तो नुसता गलका वाटायचा.

मग चौथीच्या सहा पोरी आल्या. पाच साड्या गुलाबी. सहावी नारिंगी, कारण गुलाबी मिळाली नसावी. मी उठलो. नायक माझ्याकडे पाहत होते, माझी जुनी विद्यार्थिनी पडद्याच्या कडेला उभी होती. मी माईक घेतला, आणि सवयीने तोंडात आलेलं 'प्रिय विद्यार्थी मित्रहो' गिळून टाकलं. नारिंगी साडीवाल्या पोरीजवळ गेलो आणि विचारलं, "बेटा, हे गाणं तू काहून घेतलं? तुला यात काय आवडते?"

माईक मी तिच्या तोंडासमोर धरला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. समोर आज्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी याडी फडावर आहे. तिकडं ट्रॅक्टरवर हेच गाणं लागते. तिनं फोनवर ऐकवलं. इकडं लागलं, की मला वाटते तिकडंबी लागलं असेल."

एका दमात बोलली. 'याडी'पाशी ती थांबली नाही.

मी माईक खाली ठेवला आणि खुर्चीवर येऊन बसलो. नायकांनी डफवाल्याला काहीतरी खूण केली, त्याने डफ मांडीवरून खाली ठेवला, आणि गाणं सुरू झालं.